वीरगळ आणि अर्धपुतळा

१

पोलीस खात्यातला एखादा माणूस कामावर असताना मारला गेला की आपल्या भाषेची तारांबळ उडते. दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात तो ‘शहीद’ झालेला असतो, गल्लीच्या तोंडाशी लागलेल्या फलकावर ‘हुतात्मा’ झालेला असतो, आणि शोकसभेतल्या वक्त्याच्या मुखी त्याला ‘वीरगती’ लाभलेली असते. तिन्ही शब्द वजनदार आहेत. पण ते दुसऱ्यांच्या घरून उसने आणलेले आहेत, हे बोलणाऱ्याच्या ध्यानात येत नाही आणि ऐकणाऱ्याच्याही येत नाही. ‘शहीद’ हा श्रद्धेपायी मरण पत्करणाऱ्याचा शब्द. ‘हुतात्म्या’त यज्ञ आहे, आहुती आहे. ‘वीरगती’ तर सरळ रणांगणावरून आलेली. ज्याच्यासाठी हे शब्द आपण वापरतो तो यज्ञाला बसला नव्हता आणि रणांगणावरही गेला नव्हता. तो नाक्यावर उभा होता. त्याची ड्यूटी होती.

सरकारी दप्तर याबाबतीत आपल्यापेक्षा अधिक काटेकोर आहे. लष्कर किंवा पोलीस दलांच्या संदर्भात ‘शहीद’ असा कोणताही शब्द आपल्या नोंदींत नाही, असे २०१७ साली केंद्र सरकारच्या संरक्षण आणि गृह या दोन्ही खात्यांनी केंद्रीय माहिती आयोगापुढे सांगितले. दप्तराची भाषा कोरडी असते, तिच्यात शोक मावत नाही, हे खरे. पण आपल्या भाषेत शोक इतका मावतो की माणूस मावेनासा होतो, हेही तितकेच खरे नव्हे काय?

मराठी माणसाला या बाबतीत एक अडचण अधिकची आहे. मुंबईच्या फ्लोरा फाउंटनपाशी जो हुतात्मा चौक आहे तो कोणाचा? संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात प्राण गेलेल्या शंभरांहून अधिक माणसांचा. आणि त्यांतले बहुतेक गेले ते पोलिसांच्या गोळ्यांनी. त्या चौकापासून मैल-दोन मैलांवर, त्याच शहरात, २००८ साली मारल्या गेलेल्या पोलिसांनाही आपण ‘हुतात्मा’च म्हणतो. गोळी झेलणाऱ्या नागरिकाला आणि गोळी झेलणाऱ्या पोलिसाला एकच शब्द लावताना आपली जीभ अडखळत नाही, याचा अर्थ आपले मन मोठे आहे असा होईल, किंवा आपण शब्दाकडे पाहतच नाही असाही होईल. मला दुसरा अर्थ अधिक संभवनीय वाटतो.

कवितेची समीक्षा करताना आपण ज्या चोखंदळपणे शब्द पारखतो त्याच चोखंदळपणे स्मारकाचे शब्द, त्याचा दगड आणि त्याचे चित्र पारखावयास हवे. मेलेल्या माणसाबद्दल टीकेचा शब्द काढू नये असा संकेत आहे, आणि तो मी पाळणार आहे. टीका मेलेल्या माणसावर नाही, त्याची आठवण ज्या साच्यात आपण ओततो त्या साच्यावर आहे.

२

उदाहरण एकच घ्यावे, पण पुरते घ्यावे. तुकाराम ओंबळे हे सातारा जिल्ह्यातल्या जावळी तालुक्याच्या केडंबे गावचे. आधी लष्कराच्या सिग्नल विभागात होते, तेथून नाईक म्हणून निवृत्त झाले आणि १९९१ साली मुंबई पोलिसांत आले. २००८ साली ते डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग पोलीस ठाण्यात सहायक उपनिरीक्षक होते. पोलिसांच्या आपापसांतल्या बोलीत सहायक फौजदार. २६ नोव्हेंबरच्या रात्री गिरगाव चौपाटीवर नाकाबंदी लागली तेव्हा ते तेथे होते. एका चंदेरी रंगाच्या स्कोडा गाडीवर लक्ष ठेवा, असा बिनतारी संदेश नाक्याला मिळालेला होता. तारीख उलटून गेल्यावर ती गाडी आली. अडथळे पाहून ती वळू गेली आणि दुभाजकावर अडकली. आत दोघे होते. त्यांतला गाडी चालवणारा पोलिसांच्या गोळ्यांनी पडला. दुसरा एके-४७ घेऊन बाहेर आला. ओंबळ्यांच्या हाती लाठी होती. ते पुढे झाले आणि त्यांनी त्या बंदुकीची नळी धरली. गोळ्या त्यांच्या अंगात गेल्या. त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या माणसाला लाठ्यांनी आवरले आणि जिवंत पकडले. २६ जानेवारी २००९ रोजी ओंबळ्यांना मरणोत्तर अशोकचक्र जाहीर झाले.

ही हकीकत सर्वांना ठाऊक आहे. तरी तिच्यातले क्रियापद कोणते, याचा विचार फारसा कोणी केलेला दिसत नाही. ओंबळ्यांनी मारले नाही. त्यांनी धरले. त्यांच्या मृत्यूतली कृती म्हणजे पकड. सैनिकाचे काम शत्रूला नामोहरम करण्याचे, आणि प्रसंगी मारण्याचे. पोलिसाचे मूळ काम धरून आणून उभे करण्याचे. कोणापुढे, तर न्यायाधीशापुढे. पुढचे काम त्याचे नव्हे. चौपाटीवरच्या त्या काही क्षणांत पोलिसाच्या धंद्याचा सगळा अर्थ त्या दोन हातांत एकवटला होता, आणि ‘रणांगण’, ‘वीरगती’, ‘शत्रूला धूळ चारली’ या भाषेत नेमका तोच अर्थ हरवतो. स्तुतीने माणूस उंच होतो असे आपण समजतो. येथे स्तुतीने त्याला त्याच्या धंद्यातून काढून दुसऱ्याच्या धंद्यात नेऊन बसवले आहे.

३

आता आपल्या वाङ्मयाकडे वळू. पोलिसाचे चित्र आपल्याकडे फार जुने आहे. कालिदासाच्या ‘शाकुंतला’च्या सहाव्या अंकात राजाची अंगठी सापडलेल्या कोळ्याला रक्षी बांधून आणतात, वाटेत त्याला मारतात, सुळावर चढवण्याच्या गप्पा मारतात; आणि राजाने त्याला बक्षीस दिल्यावर त्यातला वाटा घेऊन त्याच्याबरोबर दारूच्या दुकानाकडे निघतात. इतक्या थोडक्यात इतके अचूक चित्र फार थोड्या नाटककारांना साधले असेल. आपल्या तमाशाने हाच धागा पुढे नेला. वसंत सबनिसांच्या ‘विच्छा माझी पुरी करा’ या १९६५ च्या वगनाट्यातल्या हवालदाराला पाहून मराठी प्रेक्षक वर्षानुवर्षे पोट धरून हसला. सात वर्षांनी, १९७२ साली, विजय तेंडुलकरांचा ‘घाशीराम कोतवाल’ आला आणि ते हसू घशात अडकले. सत्ताधाऱ्याने आपल्या सोयीसाठी कोतवाल निर्माण करावा, त्याला मोकाट सोडावे आणि गरज संपताच जमावापुढे टाकावे, हे सूत्र या नाटकाने मांडले. ते एका शतकाचे राहिले नाही.

याही पुढे एक पाऊल श्री. दा. पानवलकरांनी टाकले होते. त्यांच्या ‘सूर्य’ या कथेवरून १९८३ साली गोविंद निहलानींचा ‘अर्धसत्य’ हा चित्रपट आला. पटकथा तेंडुलकरांची. येथे पोलीस हा विदूषक नाही आणि राक्षसही नाही. तो फौजदार आहे, चांगले करू पाहणारा आहे, आणि ज्या यंत्रणेचा तो हात आहे तिनेच पिळून निघालेला आहे. चित्रपटाच्या शेवटी त्याचे हात गुंडाच्या गळ्याभोवती आवळले जातात, आणि मग तो आपल्याच ठाण्यात जाऊन गुन्हा कबूल करतो. पोलिसाच्या मनाचे याहून खोल चित्र आपल्या पडद्यावर मला आठवत नाही. तरी एक गोष्ट नोंदवावीशी वाटते. त्या फौजदाराचे हात शेवटी मारतात, धरत नाहीत. नंतरच्या चित्रपटांनी त्याची कबुलीही टाकून दिली. २००४ च्या ‘अब तक छप्पन’पर्यंत येता येता ‘चकमक’ हा शब्द प्रेक्षकाच्या तोंडी इतका रुळला की, पोलीस जितके अधिक मारील तितका मोठा, असे गणितच बसून गेले.

मराठी लेखकाने पोलिसाकडे संशयाने पाहिले यात त्याचे काही चुकले असे मला मुळीच वाटत नाही. हा संशय कमावलेला आहे. कोठडीत माणसे मेली आहेत, मोर्च्यांवर गोळ्या चालल्या आहेत, तक्रार नोंदवण्यासाठी गरिबाला ठाण्याच्या पायऱ्या झिजवाव्या लागल्या आहेत. चौपाटीवर एक माणूस मरण पावला म्हणून हे सारे पुसले जात नाही, आणि वाङ्मयाने ते पुसावे अशी अपेक्षा करणे हा वाङ्मयाचा अपमान होय. माझे म्हणणे निराळे आहे. विदूषक, राक्षस आणि संहारक या तीन प्रतिमांत आपण इतके रमलो की नाक्यावर उभा असलेला, बंदोबस्तात रात्र काढणारा, हातात लाठी घेतलेला माणूस आपल्या वाङ्मयात आलाच नाही. त्यामुळे तो मेला तेव्हा त्याच्यासाठी आपल्यापाशी शब्द नव्हता. ज्याला आपण जिवंतपणी पाहिले नाही त्याला मेल्यावर आठवणार कसे? मग उसनवारी करावी लागते.

४

पूर्वी मात्र आपल्यापाशी एक स्वतःची रीत होती. सातारा-कोल्हापूरकडच्या गावांत देवळाच्या आवारात, कधी वेशीपाशी, कधी बांधाच्या कडेला शेंदूर फासलेले उभे दगड दिसतात. ते वीरगळ. गावाच्या रक्षणासाठी, पुष्कळदा पळवून नेली जाणारी गुरे सोडवताना, जो मेला त्याचे ते स्मारक. त्यावर बहुधा नाव नसते. दगडाचे आडवे कप्पे केलेले असतात आणि ते खालून वर वाचावयाचे असतात. सर्वांत खाली प्रसंग: माणूस लढतो आहे, समोर मारेकरी आहेत, मागे गुरे आहेत, किंवा तो पडलेला आहे. मधल्या कप्प्यात अप्सरा त्याला वर नेत आहेत. त्याच्यावर तो शिवलिंगापुढे हात जोडून बसला आहे. माथ्यावर कलश, आणि चंद्रसूर्य. म्हणजे ते असेतोवर ही आठवण राहो.

या रचनेत एक शहाणपण आहे. कारागिराने स्वर्ग वगळला नाही, पण त्याला खाली येऊ दिले नाही. आधी काय घडले ते सांगितले, मग त्याचे फळ. पाहणाऱ्याचे डोळे प्रथम मृत्यूच्या प्रसंगावर पडतात. मुंबईतच बोरिवलीजवळ एकसर येथे असे वीरगळ आहेत. त्यांच्या खालच्या कप्प्यांत गलबतांच्या रांगा आणि त्यांची वल्ही कोरलेली आहेत. शिलाहार आणि यादव यांच्यातल्या तेराव्या शतकातल्या आरमारी लढाईशी इतिहासकार त्यांचा संबंध जोडतात. लढाई कोणाची हे विसरले गेले तरी ती समुद्रावर झाली आणि माणसे वल्ह्यांच्या रांगेत बसून मेली, हे दगड आजही सांगतो. नाव गेले, कृती राहिली.

चौपाटीवर आज ओंबळ्यांचा अर्धपुतळा आहे. तो तेथे असावा हे योग्यच आहे. येणारेजाणारे थांबतात, फुले वाहतात. पण अर्धपुतळा हा प्रकारच असा आहे की त्यात चेहरा आणि छाती येते, आणि हात राहून जातात. ज्याने हातांनी इतिहास घडवला त्याचे स्मारक हातांवाचून व्हावे, हा कोण्या शिल्पकाराचा दोष नव्हे. तो साच्याचा दोष आहे. हा साचा आपण इंग्रजी अमदानीत उचलला. गव्हर्नर, शेठ, कुलगुरू यांच्यासाठी तो होता, कारण त्यांची ओळख त्यांच्या मुद्रेत आणि पदात होती. सहायक फौजदाराची ओळख त्याच्या मुद्रेत कशी असेल? ती त्याच्या कामात होती. वीरगळ घडवणाऱ्या अनाम पाथरवटाला जे कळले ते आपल्या कलाशाळांत शिकलेल्यांना सुचू नये याचे वाईट वाटते.

दिल्लीत चाणक्यपुरीत २१ ऑक्टोबर २०१८ रोजी राष्ट्रीय पोलीस स्मारक खुले झाले. अद्वैत गडनायक यांनी घडवलेला ३० फूट उंचीचा आणि २३८ टन वजनाचा एकसंध ग्रॅनाइट तेथे उभा आहे, आणि स्वातंत्र्यापासून कर्तव्यावर मरण पावलेल्या चौतीस हजारांहून अधिक पोलिसांची नावे भिंतीवर कोरलेली आहेत. त्या काळ्या दगडात गांभीर्य आहे, आणि चेहरा नसल्यामुळे तो खोटेही बोलत नाही. २१ ऑक्टोबर हा दिवस मात्र एका विशिष्ट प्रसंगाचा आहे. १९५९ साली त्या दिवशी लडाखमध्ये हॉट स्प्रिंग्सजवळ चिनी सैन्याच्या गोळीबारात दहा पोलीस मारले गेले. आदल्या दिवशी टेहळणीला गेलेले आपले काही सोबती परतले नव्हते, त्यांना शोधायला ही तुकडी निघाली होती. येथेही क्रियापद पाहा: ते कोणावर चालून गेले नव्हते, ते हरवलेल्यांना शोधायला गेले होते. दरवर्षी त्या दिवशी देशभर पोलिसांच्या मैदानांवर संचलन होते, वर्षभरात मेलेल्यांची नावे वाचली जातात. नावे वाचणे ही मोठी गोष्ट आहे. पण नाव आणि पद यांच्यापुढे एक ओळ, तो काय करत असताना गेला एवढीच, जर वाचली तर त्या यादीचे रूप पालटेल. कोणी दरोडेखोराच्या मागे धावताना, कोणी महामार्गावर गाडी अडवताना, कोणी पुराच्या पाण्यात दोर धरून. वीरगळाचा खालचा कप्पा तो हाच.

५

२६ नोव्हेंबरच्या त्या रात्रीचे जे छायाचित्र जगभर गेले ते कोणाचे, हे आठवून पाहावे. ते मारेकऱ्याचे आहे. छत्रपती शिवाजी टर्मिनसवर सेबॅस्टियन डिसूझा या वृत्तछायाचित्रकाराने जीव धोक्यात घालून ते टिपले. हातात बंदूक, पाठीवर पिशवी, चालताना उचललेले पाऊल. न्यायालयात ते पुरावा म्हणून उपयोगी पडले आणि छायाचित्रकाराने साक्षही दिली. त्याच्या धैर्याला कमी लेखण्याचा प्रश्नच नाही. पण परिणाम असा झाला की त्या रात्रीची लोकांच्या मनातली मूर्ती मारणाऱ्याची झाली. पोलिसांपैकी ज्यांचे दृश्य लोकांना आठवते ते हेमंत करकरे यांचे: शिरस्त्राण आणि चिलखत चढवतानाचे, दूरदर्शनच्या वाहिन्यांनी पुनःपुन्हा दाखवलेले. ते दृश्य हृदय हलवते, पण ते निघतानाचे आहे. चौपाटीवरच्या पकडीचे चित्र नाही. तेथे शब्दाचेच काम होते, आणि शब्द कमी पडला.

चित्रपटाने ते भरून काढले काय? रामगोपाल वर्मांचा ‘द अटॅक्स ऑफ २६/११’ २०१३ साली आला. त्यात नाना पाटेकर यांनी सहपोलीस आयुक्ताचे काम केले आहे, आणि सारी रात्र त्या अधिकाऱ्याच्या निवेदनातून उलगडते. पाटेकरांचा संयम वाखाणण्यासारखा आहे. ‘अब तक छप्पन’मधला चकमकफेम अधिकारी रंगवणारा हाच नट येथे हतबुद्ध झालेला, शब्द शोधणारा माणूस उभा करतो, हे त्याच्या कलेचे मोठे यश. तरीही निवेदक वरिष्ठ असल्यामुळे नाक्यावरचा माणूस पुन्हा एकदा कोणाच्या तरी अहवालातला एक परिच्छेद होऊन येतो. जो वाचतो तो सांगतो, आणि जो वरचा आहे त्याचे ऐकले जाते, हा जगाचा नियमच आहे. पण कलेचे काम हा नियम मोडण्याचे असते. आपल्या पोवाड्यात शाहीर राजाबरोबर मावळ्यालाही नाव देतो, त्याच्या घरातले लग्न सोडून तो गडावर निघाल्याचे सांगतो. मरणाआधीचे त्याचे आयुष्य पुढ्यात मांडल्याखेरीज मरण मांडता येत नाही, हे शाहिराला ठाऊक असते.

६

या सगळ्यांत एक पुस्तक वेगळे पडते. अशोक कामटे त्या रात्री करकरे आणि विजय साळसकर यांच्याबरोबर कामा रुग्णालयाजवळच्या रंगभवनच्या गल्लीत मारले गेले. त्यांच्या पत्नी विनिता कामटे यांनी विनिता देशमुख यांच्या साहाय्याने लिहिलेले ‘टू द लास्ट बुलेट’ हे पुस्तक २००९ साली निघाले. पतीच्या मृत्यूनंतर पत्नीने लिहिलेल्या पुस्तकांची मराठी वाचकाला जुनी ओळख आहे. त्या पुस्तकांत संसार असतो, आठवणी असतात, विरह असतो. येथेही ते आहे. पण पुस्तकाचा कणा निराळा आहे. माहितीच्या अधिकाराचा कायदा हाती घेऊन या बाईंनी पोलीस नियंत्रण कक्षातल्या बिनतारी संभाषणांच्या नोंदी मागवल्या आणि मिनिटामिनिटाचा हिशेब मांडला. आपला नवरा त्या गल्लीत का गेला, कोणी पाठवले, कुमक कधी मागितली गेली, जखमी पडलेल्यांपर्यंत मदत का आणि किती उशिरा पोचली, हे प्रश्न त्यांनी विचारले. त्यांच्या निष्कर्षांवर वाद झाला. संबंधित अधिकाऱ्यांनी आपली बाजू मांडली. तो वाद मिटवण्याची ही जागा नव्हे.

वाङ्मयाच्या दृष्टीने मला महत्त्वाची वाटते ती त्यांच्या शोकाची जात. शोकसभेत ‘वीरगती’ मिळाली की पुढचे प्रश्न बंद होतात. देवाने नेले म्हणण्यासारखेच ते आहे. या बाईंनी स्वर्गाचा कप्पा बाजूला ठेवून खालच्या कप्प्यापाशी ठाण मांडले. काय घडले ते आधी सांगा. गौरव करणाऱ्यांना हे रुचत नाही, कारण गौरवाला तपशील अडचणीचा असतो. तो तपशील मागू लागला की चिलखत कसे होते, हत्यारे किती जुनी होती, कोणाला कोणाचा निरोप मिळाला नाही, हे सगळे बाहेर येते. राज्य सरकारने नेमलेल्या राम प्रधान समितीनेही २००९ साली पोलीस यंत्रणेच्या प्रतिसादातल्या उणिवा नोंदवल्या. लाठी घेऊन एके-४७ समोर जाणे हे शौर्य खरेच. पण त्याच्या हाती लाठीच का होती, हा प्रश्न त्या शौर्याच्या पोटातच आहे. जे स्मारक हा प्रश्न विचारू देत नाही ते मेलेल्याचे स्मारक नसून जिवंत असलेल्यांच्या सोयीचे असते. पुस्तकात काही ठिकाणी भाषा सैल आहे, काही जागी भावनेचा भर अधिक आहे. पण तिची मागणी पक्की आहे, आणि म्हणून ते टिकेल असे वाटते.

७

राहता राहिला एक मजकूर, ज्याला कोणी वाङ्मय म्हणणार नाही. चौपाटीवर जिवंत धरलेल्या त्या माणसावर आर्थर रोड तुरुंगातल्या विशेष न्यायालयात खटला चालला. सहाशेंहून अधिक साक्षीदार तपासले गेले. ३ मे २०१० रोजी त्याला दोषी ठरवले, ६ मे रोजी फाशीची शिक्षा सुनावली. सर्वोच्च न्यायालयात त्याच्या बाजूने बोलायला न्यायालयानेच वकील दिला, आणि २९ ऑगस्ट २०१२ रोजी शिक्षा कायम झाली. २१ नोव्हेंबर २०१२ रोजी येरवड्यात ती अमलात आली. याच खटल्यात त्याच्याबरोबर उभ्या असलेल्या दोन भारतीय आरोपींची मात्र पुराव्याअभावी सुटका झाली, आणि ती सर्वोच्च न्यायालयापर्यंत टिकली. फाशी योग्य की अयोग्य याबद्दल कोणाचे मत काहीही असो. त्या रात्रीचे नऊ मारेकरी मेले आणि एक हाती लागला, म्हणून कट कोठे शिजला, माणसे कोठून निघाली, कशी आली हे त्याच्या तोंडून आणि पुराव्यातून न्यायालयापुढे उलगडले. तो मारला गेला असता तर आपल्यापाशी दहा प्रेते आणि असंख्य तर्क राहिले असते.

सर्वोच्च न्यायालयाच्या निकालपत्रात चौपाटीचा प्रसंग ‘विनोली चौपाटी’ या नावाखाली येतो. त्यात विशेषणे फार नाहीत. कोण कोठे उभा होता, गाडी कशी वळली, कोण प्रथम पुढे झाला, हे साक्षीदारांच्या तोंडून क्रमाने येते. वाचताना वीरगळाचा खालचा कप्पा पाहिल्यासारखे वाटते. आजवर ओंबळ्यांविषयी जे लिहिले गेले त्यांत हा मजकूर मला सर्वांत विश्वासाचा वाटतो. आपल्या ललित लेखकांच्या दृष्टीने ही गोष्ट फारशी भूषणावह म्हणता यावयाची नाही.

आणखी एक नोंद अशीच शांतपणे झाली आहे. २०२१ साली प्राणिशास्त्रज्ञांनी ठाणे परिसरात सापडलेल्या उडी मारणाऱ्या कोळ्याच्या एका नव्या जातीला ‘आयसियस तुकारामी’ असे नाव दिले. हे कोळी जाळे विणून वाट पाहत बसत नाहीत. झेप घेऊन भक्ष्य धरतात. नाव देणाऱ्यांच्या मनात हे साम्य होते की नव्हते, कोण जाणे. पण पुतळ्याने जे हात वगळले ते या चिमुकल्या जीवाच्या रूपाने कोठेतरी शिल्लक राहिले, असे म्हणावेसे वाटते.

‘शहीद’ या शब्दाशी आपण सुरुवातीला भांडलो. त्याचे मूळ अरबीत आहे, आणि तेथे त्याचा पहिला अर्थ ‘साक्ष देणारा’ असा आहे. हा अर्थ घेतला तर माझी त्या शब्दाबद्दल तक्रार उरत नाही. ओंबळे त्या न्यायालयात साक्षीला उभे राहू शकले नाहीत. त्यांनी दुसऱ्याला तेथे उभे केले.

मराठीत अजून एक कथा लिहिली जावयाची आहे. तिच्यात केडंब्याहून निघालेला, लष्करातली नोकरी संपवून पुन्हा खाकी चढवलेला, चाळीस-पन्नाशीतला एक सहायक फौजदार असावा. त्याची रजा नामंजूर झालेली असावी, त्याच्या बुटांचे तळ झिजलेले असावेत, ठाण्यात आलेल्या एखाद्या गरिबावर तो डाफरलाही असावा आणि घरी गेल्यावर त्याला ते आठवलेही असावे. तो कोणाचा आदर्श नसावा. त्या कथेत बंदोबस्ताच्या रात्री असाव्यात, जिथे काहीच घडत नाही अशा, एकामागून एक. आणि शेवटी एक गाडी यावी. लेखकाने तेथे एकही मोठा शब्द न वापरता त्याचे हात पुढे होऊ द्यावेत. अशी कथा लिहिली जाईल तेव्हा मुंबईला तिचा वीरगळ मिळेल.